पाळणा कोणी बांधला?

आमच्या चाळीला भिंती होत्या, पण छपरापर्यंत पोचायच्या आधीच दमून थांबलेल्या. त्यामुळे गुरुजींकडे आमटी करपली की वास आम्हाला, आणि माझ्या बायकोने मला काय काय सुनावलं ते सगळं गुरुजींना. तेव्हा पुढे जे सांगतोय ते गावभर फिरून आलेलं नाही. वरच्या फटीतून ताजं ताजं आलेलं आहे.

भाईंदर पश्चिमेला, मोरव्याच्या वाटेवरची ही चाळ. साल सहासष्ट. मी मिठागरावर मुकादम. पलीकडच्या खोलीत महिपत गुरुजी आणि त्यांची बायको दुर्गा, दोघंही रत्नागिरीकडची. माणूस सोन्यासारखा, पण हातांत जीव नाही. चहाचा कप धरला की बशीत निम्मा. फळ्यावर लिहिलं की कोंबडी नाचून गेल्यासारखं. एकदा भल्या पहाटे फटीतून आवाज आला, "वहिनी, जरा कात्री देता?" माझी बायको सुगंधा घाबरली; दुर्गा पोटुशी होती, बाळंतपणाचं काही निघालं की काय! नंतर कळलं, गुरुजींच्या लेंग्याची नाडी अडकली होती.

अशा माणसाने शाळेत स्काऊटचं पथक मागून घेतलं.

हेडमास्तरांनी विचारलं होतं, "स्काऊट कोण घेतंय?" सगळे मास्तर जमिनीवर काहीतरी पडल्यासारखे खाली बघायला लागले. एकटे महिपत गुरुजी उभे राहिले. सुट्टीत ठाण्याला शिबिर करून आले ते खाकी पोशाख, गळ्यात स्कार्फ आणि पिशवीत दोरांचं भेंडोळं घेऊन. मी म्हटलं, "गुरुजी, विहीर खणायला घेतलीय का?"

"गाठी शिकवायच्यात, लवूभाऊ. पोरांना त्या आल्याशिवाय दीक्षा मिळत नाही आणि स्काऊटचा स्कार्फ गळ्यात पडत नाही."

"मग आधी नाडी शिकवा."

हसले बिचारे. त्यांच्यावर रागावणं जमायचं नाही आणि त्यांना राग येत नाही, हीच तर पंचाईत. चेष्टा करायला मजा येते, पण समाधान होत नाही.

मग सुरू झाला सराव, आणि चाळीला सुट्टी उरली नाही. एका दुपारी त्यांनी आमची तुटलेली कपड्यांची दोरी 'रीफ नॉट' मारून जोडून दिली. सुगंधाने तिच्यावर धुतलेलं नऊवारी घातलं. गाठ हळूच सुटली आणि लुगडं सरळ चिखलात. पलीकडे राहणाऱ्या शेवंतीची बकरी त्यांनी खुंट्याला 'क्लोव्ह हिच'ने बांधली. शेवंती मोरव्याची आगरीण, तोंडाची फटकळ. संध्याकाळी ती दारात उभी.

"गुरुजी, माजी बकरी तुमी बांदली व्हती का सोरली व्हती?"

"बांधली होती, शेवंतीताई."

"मंग तिला सांगाया नको का? तिला म्हाईतच न्हाय!"

बकरी कोणाच्या तरी वालाच्या मांडवात सापडली. मांडव मात्र सापडला नाही.

इथवर हसण्यावारी गेलं. पण शाळेच्या विहिरीवर घोटाळा झाला. उत्तनचा ह्युबर्ट हा पथकातला सगळ्यात हौशी पोरगा. बाप होडीवर जाणारा. त्याला घरच्या गाठी येत होत्या, पण तो म्हणायचा, "सर शिकवतात तीच मारणार." गुरुजींनी शिकवली तशी 'बोलाइन', म्हणजे न आवळणाऱ्या फासाची गाठ, मारून त्याने पोहरा विहिरीत सोडला. दोर वर आला. पोहरा काही आला नाही.

हेडमास्तरांनी गुरुजींना बोलावून घेतलं. ते काय बोलले हे त्या रात्री फटीतून ऐकलं, गुरुजी दुर्गेला सांगत होते: "नाताळानंतर जिल्ह्याचे स्काऊट अधिकारी येणार आहेत. त्यांच्यासमोर पोरांनी गाठी मारल्या तर दीक्षा आणि स्कार्फ. नाही तर पथक बंद, दोर कोठीत. हेडमास्तर म्हणाले, आधीच बंद करायला हवं होतं."

दुर्गा हळू आवाजात म्हणाली, "मग तसंच शिकवा ना. येतं की तुम्हाला."

"वेडी आहेस का? वर्गात? पोरांसमोर?"

आणि मग दोघं गप्प. आता सांगा, अशा ठिकाणी गप्प व्हायचं असतं का? 'तसंच' म्हणजे कसं? मी सुगंधाला विचारलं. ती म्हणाली, "झोपा." मला कुठली झोप!

उत्तर मिळालं बारशाला. दुर्गेला मुलगी झाली. बारसं चाळीतच करायचं ठरलं आणि त्यासाठी गुरुजींची आई गावाहून आली. उंचीने चार फूट, पण आवाज या बंदरावरून पलीकडच्या जेट्टीपर्यंत पोचेल असा. आम्ही तिला आजी म्हणायचो, भीतीने. पाळणा माझ्या मिठागरावरच्या सुताराने केला. सकाळी बायका जमल्या, पाळणा तुळईला टांगलेला, फुलांची माळ लावलेली. सगळं छान. तेवढ्यात शेवंतीने वर मान करून विचारलं,

"दोर कोनी बांदला गं?"

"ह्यांनी," दुर्गा म्हणाली.

खोलीतल्या बायका एक पाऊल मागे सरकल्या. कोणी मुद्दाम सरकलं नसेल, पण सरकल्या खऱ्या. सुगंधाच्या डोळ्यांसमोर तिचं लुगडं आलं असणार. शेवंती म्हणाली, "माजी बकरी गेली तवा गेली. पोर न्हाय घालाची यात."

बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात घालायची आपली रीतच आहे. त्याला कुंची घालतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत या हातातून त्या हातात देतात. मी दारातून म्हटलं, "नुसता वरवंटा कशाला, पाटाही घाला! दोराची परीक्षा होऊन जाऊ दे."

हे मी थट्टेने म्हटलं, पण बायकांनी खरंच घातला. कुंची घातलेला वरवंटा, त्याच्या खाली आमचा पाटा. पाळणा तसाच. मग शेवंतीची कणगीसारखी मोठी पोर बसवली. पाळणा तसाच. शेवटी माझी पाळी आली. मी दोन्ही हातांनी दोर धरून लोंबकळलो. तुळई कुरकुरली, छपरावरून धूळ पडली, गाठ बोटभरही सरकली नाही.

"गुरुजी, ही गाठ तुमची नाही. कोणाकडून मारून घेतलीत?"

गुरुजी गोरेमोरे झाले. बोलली दुर्गा. बाळंतिणीला धीर जरा जास्तच असतो. "त्यांचीच आहे. डाव्या हाताने मारलीय. घरात दार लावलं की ते सगळं डाव्यानेच करतात. नारळ खवतात, विळी चालवतात, माझ्यापेक्षा बारीक भाजी चिरतात. दार उघडलं की उजवा हात आणि सगळी सांडलवंड."

आजीच्या हातातलं हळदकुंकवाचं तबक खाली टेकलं.

"डाव्या हाताने? माझ्या नातीचा पाळणा?"

"आई..."

"मेल्या, एवढं केलं मी, तरी तो हात गेला नाय तुझा?"

म्हणजे काय केलं, ते तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं, कौतुकाने सांगावं तसं. महिपत लहान असताना जेवायला बसला की त्याचा डावा हात ती सुंभाने कमरेच्या करगोट्याला बांधून ठेवायची. पाटीवर लिहितानाही. "डावरा पोर म्हटला तर सोयरीक कोण करेल? पंगतीत कोण बसवेल?"

गुरुजी खाली बघून म्हणाले, "तुझी ती गाठ मला कधी सुटली नाही, आई. पहिली गाठ मी तिथेच बघितली. रोज बघत बसायचो, ही अशी कशी बसते म्हणून."

म्हातारीने बाळाला उचललं, पाळण्यात ठेवलं. नाव ठेवलं शालू. पण झोका देताना ती मधूनमधून त्या गाठीकडे बघत होती, हे मी पाहिलं. मी सगळं पाहतो.

संध्याकाळी ओट्यावर मी गुरुजींना गाठलं. "घरात असा हात चालतो आणि शाळेत पोहरे बुडवता? पोरांना डाव्याने शिकवा की!"

"पोरं उजवी आहेत, लवूभाऊ. माझं बघून उलटं शिकतील. आणि लोक म्हणतील, मास्तर डावरा, पोरांनाही वळण लावतोय." मग म्हणाले, "मी स्काऊट का घेतलं माहितीय? शिबिरात पहिल्या दिवशी साहेबांनी हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला. स्काऊटची रीत आहे ती. आजवर कोणी माझ्याकडे डावा हात मागितला नव्हता. वाटलं, ही आपली माणसं. पण गाठींच्या वेळी पुन्हा उजवाच लागला."

मला गंभीर बोलणं सोसत नाही. मी म्हटलं, "दोर आणा. मला शिकवा. माझ्याइतका मठ्ठ विद्यार्थी तुम्हाला मोरव्यापासून काशीमीऱ्यापर्यंत मिळायचा नाही."

समोरासमोर बसलो. "अंगवळणी पडलंय त्या हाताने मारा," मी म्हटलं. त्यांनी डाव्या हाताने दोराचा लहान फेरा केला, टोक खालून वर आणलं, मागून वळवून परत त्याच फेऱ्यात सोडलं. मी नुसतं त्यांच्याकडे बघत हात हलवत गेलो. त्यांचा डावा माझ्या उजव्यासमोर, त्यांचा उजवा माझ्या डाव्यासमोर. आणि झाली की हो गाठ! आयुष्यातली पहिली, जी नाडी नव्हती.

"परत," ते म्हणाले.

परत झाली.

"अहो गुरुजी, हे तर आरशात बघून दाढी केल्यासारखं आहे. तुम्ही उजव्याने शिकवायचात तेव्हा पोरांना सगळं मनात उलटं करून घ्यावं लागायचं. आता तुम्ही आरसा, पोरांनी फक्त बघायचं!"

गुरुजी त्या गाठीकडे असे बघत राहिले, जणू मी वाघ बांधला होता.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानात आरसा उभा राहिला. पहिल्यांदा पोरं कुजबुजली. ह्युबर्ट मोठ्याने म्हणाला, "सर, आमचा बाप पण डावा हाय. होडीवर त्याला कोन बोलत न्हाय, कारन जाळं तोच बांधतो." मग विषयच मिटला. पोरं भराभर शिकली. कुठे काही लोंबताना दिसलं की बांधायची. माझी सायकल तर इतक्या वेळा बांधली की कुलपाचं काम उरलं नाही.

अधिकारी यायच्या आदल्या दिवशी हेडमास्तरांनी मात्र गुरुजींना बजावलं, "मुलं मारतील गाठी. तुम्ही साहेबांसमोर तो हात आवरा. शाळेची शोभा नको."

परीक्षेला आम्ही चाळकरी कुंपणाला टेकून उभे. मी मिठागरावर पोट दुखल्याचं कळवलं होतं. आजीही आली होती, शालूला पदरात घेऊन. "नात रडतेय, वारा खायला आणलंय," म्हणाली. नात गाढ झोपलेली.

साहेब उंच, मिशीवाले. रांगेसमोर आले आणि म्हणाले, "आधी स्काऊटमास्तर दाखवतील, मग मुलं. विहिरीवरच घेऊ, पोहऱ्याला बोलाइन."

गुरुजींनी दोर हातात घेतला. उजव्या हातात. हेडमास्तर मागे मान डोलावत उभे. फेरा झाला, टोक भलतीकडे गेलं. गाठ सुटली. गुरुजींनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा सुटली. ह्युबर्टचं तोंड बघवत नव्हतं. मला काहीतरी विनोद करायचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा तो सुचेना.

तेवढ्यात कुंपणावरून तो बंदर-जेट्टीचा आवाज आला:

"महिपत! पाळणा बांधलास तसा बांध!"

सगळं मैदान मागे वळलं. हेडमास्तरांनी डोळे मिटले. गुरुजींनी आईकडे एकदा पाहिलं आणि दोर डाव्या हातात घेतला. पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण ते बघायला वेळच मिळाला नाही. पोहरा खाली, खळकन आवाज, आणि काठोकाठ भरून वर. मग पोरांची रांग. ह्युबर्ट पहिला. सगळ्यांनी गुरुजींकडे बघत मारल्या. ज्या विहिरीने एक पोहरा गिळला होता, तिने त्या दिवशी एकही ठेवून घेतला नाही.

साहेबांनी शेवटची गाठ ओढून पाहिली. मग गुरुजींपुढे आले आणि स्काऊटच्या रिवाजाप्रमाणे डावा हात पुढे केला. ते रोज कोणापुढे तरी करत असतील. पण आमच्या गुरुजींनी तो दोन क्षण नुसता बघितला, आपला डावा खाकी पोशाखाला पुसून पुढे केला, आणि मग सोडायचंच विसरले.

पोरांना स्कार्फ मिळाले. पथक आजही आहे. मी हे लिहितोय ते अठ्ठ्याहत्तर साली. शिबिराहून येताना गुरुजी अजून दोरांचं भेंडोळं आणतात. ह्युबर्ट आता सुट्टीच्या दिवशी येऊन नव्या पोरांना शिकवतो. तो उजवा, त्यामुळे त्याला पोरांकडे पाठ करून उभं राहावं लागतं, आणि पोरं मागून त्याच्या खिशातले शेंगदाणे काढतात.

आणि शालू? आजीला निवांतपणा नको, म्हणून देवाने ती डावरीच पाठवली. परवा गावाहून आलेल्या आजीने देवापुढचा प्रसाद वाटला तेव्हा पोरीने सवयीने डावा हात पुढे केला. मी ओट्यावरून टवकारून बघत होतो. म्हातारी थांबली. तिने त्या हाताकडे पाहिलं.

"प्रसाद तेवढा उजव्या हाताने घे गो," ती म्हणाली. "बाकी काय त्या हाताने करायचं ते कर."

शालूने उजव्या हाताने प्रसाद घेतला, लगेच डाव्यात ठेवला आणि खाल्ला. आजीने तिकडे पाठ केली आणि समईची वात सारत बसली.