लाभ, दोन, तीन, चार

"चूक तुमच्या यंत्रात हाय, आजी," रेणुका तिसऱ्यांदा म्हणाली.

"चूक तुझ्या डोक्यात हाय," मीही तिसऱ्यांदा म्हणाले.

भांडण माझ्याच ओट्यावर, भर सकाळी, आणि भाजीवाली टोपली खाली ठेवून ऐकतेय. आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या आणि ऐका, माझी सत्तर वर्षांची ऐट कशी उतरली ते.

रेणुका आमच्या शेजारची सून. पदरात दोन पोरं, दिवसभर शिलाई मशीन, आणि त्यातूनही घरी बसून बीए झालेली. तिला अंगणवाडीच्या मुख्यसेविकेची परीक्षा द्यायची होती. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच वेळ. क्लास लावायला घरचे तयार नव्हते. मी म्हटलं, क्लास कशाला? मी आहे की!

मी म्हणजे कोण? सातवी पास. पासष्टी उलटल्यावर नातीच्या जुन्या लॅपटॉपवर फुकटचे धडे बघून वेबपेज करायला शिकलेली बाई. कुणी समोर बसून शिकवलं नाही, त्यामुळे कुणाचं ऐकायची सवयही लागली नाही.

तर मी रेणुकासाठी प्रश्नमंजुषेचं पान केलं. एक प्रश्न, खाली चार पर्याय. बरोबर दाबलं की हिरवं, चुकीचं दाबलं की लाल, आणि मग खरं उत्तर हिरवं होऊन दिसणार. शेवटी गुण, आणि गुणांनुसार माझा शेरा. प्रश्न, उत्तरं सगळी तिच्याच पुस्तकातून उतरवलेली.

पहिल्या दिवशी तिला वीसपैकी शून्य. खाली माझा शेरा: "गप्पा कमी कर बाई, अभ्यास वाढव."

रडवेली होऊन आली. म्हणाली, बाळाला पहिले किती महिने नुसतं आईचं दूध द्यायचं, या प्रश्नाला मी सहा दाबलं तर लाल झालं, आणि बारा हिरवं झालं. मी विचारलं, तू किती महिने दिलंस? म्हणाली, सहा.

मी म्हटलं, "तरीच तुझी पोरं काड्यांसारखी."

का बोलले असेन मी असं? पोरं चांगली गुटगुटीत आहेत हो.

त्यानंतर तिनं एकच तक्रार केली. एका प्रश्नाला तर चारही पर्याय लाल व्हायचे. मी म्हटलं, तुझा फोन जुना झालाय. ती बिचारी मशीन चालवता चालवता हिरवी उत्तरं पाठ करत राहिली. महिन्याभरात वीसपैकी एकोणीस! पोरगी मी घडवली म्हणून मी गल्लीभर सांगत सुटले.

परीक्षा झाली. सरकारनं बरोबर उत्तरांची यादी लावली आणि दुसऱ्या सकाळी रेणुका फोन घेऊन ओट्यावर उभी राहिली. सरकारचं उत्तर सहा होतं. मी म्हटलं, सरकार चुकलं, तू हरकत घे, मी सही करते. ती म्हणाली, पुस्तकातही सहाच आहे. मी म्हटलं, मग पुस्तकही चुकलं. त्याच पुस्तकातून मी उतरवलं होतं, हे रागाच्या भरात विसरलेच.

शेवटी भाजीवाली म्हणाली, "आजी, तुमीच एकदा सोडवून दावा की."

दावते की! बसले. तिचंच पुस्तक मांडीवर उघडलं आणि त्यातली उत्तरं बघून टकाटक वीस प्रश्न सोडवले.

वीसपैकी शून्य. माझा शेरा भाजीवालीनं मोठ्यानं वाचला.

झालं होतं असं. बरोबर पर्याय कितवा, हे यंत्राला आकड्यात सांगावं लागतं. यंत्र पहिल्याला शून्य म्हणतं, दुसऱ्याला एक. धड्यात हे सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं. पण टेंभुर्णीला आमच्या वडिलांचं भुसारी दुकान. ज्वारीचं पहिलं माप घालताना वडील 'एक'सुद्धा म्हणत नसत. लाभ, दोन, तीन, चार. आणि मी पोरीच्या परीक्षेत पहिल्यालाच शून्य लिहू? मला ते अशुभ वाटलं, आणि धडे देणारा माणूस अर्धवट वाटला. मनात लाभ म्हणत मी एक लिहिला, पुढं दोन, तीन, चार. यंत्राच्या लेखी प्रत्येक उत्तर एक घर पुढं सरकलं. सहाचं बारा झालं. जे शेवटचं होतं ते तर पानाबाहेरच गेलं. मी स्वतः कधी सोडवून पाहिलं नाही. दिवे लागतात ना, एवढंच पाहिलं. माझी परीक्षा मी कशाला घेऊ?

एवढं कळल्यावर दुसरी एखादी गप्प बसली असती. पोरीचा हात धरला असता. मी काय केलं?

"पुस्तक होतं ना तुझ्याजवळ?" मी ओरडले. "बीए झालीस, मग तुझी अक्कल कुठं गेली होती?"

रेणुका चिडली नाही. फोनची काच तिनं पदरानं पुसली आणि हळूच म्हणाली, "दोन पोरं वाढवलीत आजी मी, सहा महिने मला ठाऊक होतं, पण तुमी कदी चुकत न्हाई, म्हणून बारावर खूण केली."