स्नेहलच्या प्रोग्रामातली चूक

आता माह्याच जळक्या स्वभावानं माही कशी फजिती केली, ते ऐका.

चंद्रपुरात कोळसा शोधणाऱ्या एका लहानशा कंपनीत मी प्रोग्राम लिहितो. जमिनीवर दणका द्याचा, खालून येणारे प्रतिध्वनी यंत्रानं टिपाचे, अन् कॉम्प्युटरनं त्यांची बेरीज करून खालच्या थरांचं चित्र काढाचं. बेरीज म्हणजे साधी नाई, हजारो नोंदींतून, हरेकीले कमी-जास्त वजन देत, वाकड्या रेषेनं जाणारं इंटिग्रल.

ब्रह्मपुरीची स्नेहल नवीन लागली अन् सहा महिन्यांत तिनं असं चित्र काढलं, का कोळशाचा थर खडूनं आखल्यावानी दिसे. साहेब येईल त्याले ते दाखवत. मग मी बारा वर्षं काय गवत उपटून राह्यलो होतो? मले जेवण गोड लागेना. बायको म्हणे, डॉक्टरले दाखवा. तिले काय सांगू, एका पोरीच्या इंटिग्रलनं पोट दुखून राह्यलं म्हणून?

मग ठरवलं, हिची चूक काढाची. या कामात दोन प्रोग्राम असतात. एक प्रतिध्वनींवरून चित्र काढते, दुसरा त्या चित्रावरून उलटे प्रतिध्वनी बनवून पडताळा घेते. जोडी बरोबर असली, तर तपासणीत दोघांचे आकडे सारखे येतात. मी तिची जोडी गुपचूप तपासली. आकडे जुळले नाई. पुन्हा तपासली, तरी नाईच. फरक पाहूनच समजलं, पडताळ्यात वजन राह्यलं; फाइल उघडून पाहाची गरजच वाटली नाई. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तिले एकटीले सांगता आलं असतं. पण मले तर सगळ्यांसमोर सांगाचं होतं ना? भद्रावतीकडे ड्रिलिंग कुठी कराचं, हे ठरवाची बैठक होती. मी उभा राह्यलो. म्हटलं, पडताळ्याच्या प्रोग्रामात बेरजेतलं वजनच घालाचं राह्यलं. असली चूक शिकाऊ माणूसही करत नाई.

स्नेहलनं शांतपणे ती फाइल पडद्यावर उघडली. वरच लिहिणाऱ्याचं नाव होतं. माहं.

"चित्र काढणारा माहा आहे," ती साहेबाले म्हणाली. "पडताळ्याचा हा भाऊंचा जुना घेतला. एवढ्या अनुभवी माणसाचा, म्हणून तपासला नाई."

मग माह्याकडे वळून अगदी मनापासून म्हणाली, "स्वतःची चूक अशी सगळ्यांसमोर सांगाले हिंमत लागते, भाऊ."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?