गुरुवारची पूजा शनिवारी

देवावर माझा लहानपणापासून विश्वास आहे, पण देवाची कामं करणाऱ्या माणसांवर तो कधीच नव्हता. अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मी तयार माल तपासायच्या खात्यात काढली. केसभर इकडेतिकडे झालेला सुटा भाग बाजूला काढायचा आणि त्यावर लाल खूण करायची, हे माझं काम. मी निवृत्त झालो, नजर झाली नाही. सत्यनारायणाला बसलो की गुरुजींनी कुठला मंत्र गिळला याकडे लक्ष, कीर्तनाला गेलो की तबला उतरलाय याकडे लक्ष. माझी बायको सुमन म्हणायची, "तुम्ही देवळात दर्शनाला जाता की इन्स्पेक्शनला?" मी हसण्यावारी न्यायचो. पण आत एक शंका घर करून बसली होती. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, अंगावर काटा येतो, असं मी ऐकून होतो. मला मात्र साठी उलटली तरी देवळात कधी काही वाटलं नव्हतं, फक्त चुका दिसायच्या. हा दोष देवळांचा की माझा, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

आमची एकुलती एक मुलगी मृणाल लग्न होऊन अमेरिकेत गेली. मोठं शहर नव्हे, थंडीत महिनोन् महिने बर्फ पडणारं एक लहान गाव. तिथे भारतातून आलेली साठ-सत्तर घरं आहेत आणि त्यांनी मिळून एक देऊळ चालवलंय. इमारत पूर्वी गाद्यांचं दुकान होती. दर शनिवारी सकाळी तिथे पूजा होते आणि ती मोबाइलवर दिसते. आपल्याकडे तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ असते. मृणालने लिंक पाठवली आणि म्हणाली, "बाबा, बघत जा, तुम्हाला आवडेल." आवडलंच, पण भलत्याच कारणाने. इतका सदोष माल माझ्या नजरेखालून कधी गेला नव्हता. मी पाण्याच्या तांब्याला मोबाइल टेकवून ठेवायचो, चष्मा लावायचो आणि वही घेऊन बसायचो.

पूजा सांगणारा शिवण्णा नावाचा कर्नाटकातला माणूस. आठवडाभर तो आजूबाजूच्या गावांतून लोकांचे हीटर दुरुस्त करत फिरायचा आणि शनिवारी पुजारी व्हायचा. गंमत म्हणजे देवळातलाच हीटर नीट चालायचा नाही, म्हणून सोवळ्यावर तो कंपनीचं जाडजूड जाकीट घालून आरती ओवाळायचा. कहाणी वाचायला लिंडाबेन. या मूळच्या तिथल्याच गोऱ्या बाई, गुजराती माणसाशी लग्न केलेल्या. नवरा वारला तरी देऊळ सुटलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेली मराठी कहाणी त्या अशी वाचायच्या की राजा कोण आणि दासी कोण हे ऐकणाऱ्याने ठरवावं. कलशात प्लॅस्टिकची पानं, शंखाचा आवाज मोबाइलमधून, अर्ध्या लोकांच्या पायांत मोजे. हळूहळू मी माणसांचाही अभ्यास करायला लागलो. तेलुगू बायका डावीकडे बसतात, गुजराती स्वयंपाकघराजवळ, मराठी चार घरं भिंतीला टेकून. वेळेवर कुणी येत नाही, पण जेवल्याशिवाय कुणी जात नाही. आरतीच्या वेळी सुद्धा कुणाच्या गाडीची बॅटरी उतरली, कुणाची आई आजारी आहे, याची चौकशी चालू. पाच-सहा शनिवार बघून मी निष्कर्ष काढला आणि वहीत लिहिला, "या लोकांना देव नको आहे, यांना शनिवार हवा आहे." त्या वाक्यावर मी फार खूश होतो.

दरम्यान मृणालला दिवस गेले होते आणि जानेवारीत बाळंतपण होतं. जावई चिन्मयची आई हयात नाही, म्हणून सुमन डिसेंबरच्या मध्यावर जाणार असं ठरलेलं. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, शेकायची ओव्याची पुरचुंडी, सगळं बॅगेत भरून झालं होतं. आणि नोव्हेंबरच्या शेवटी ती आमच्याच जिन्यावरून घसरली. घोट्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. तिला सोडून मीही जाऊ शकत नव्हतो. सुमन मूळची सटाण्याची. चारचौघांत छान नाशिकची मराठी बोलते, पण जीव वरखाली झाला की तिची माहेरची अहिराणी बाहेर येते. त्या दिवशी छताकडे बघत ती एवढंच म्हणत होती, "मनी पोर तठे एकली शे." माझी पोर तिकडे एकटी आहे. मला तिची समजूत घालता येईना.

अशात मार्गशीर्ष लागला. सुमन दर वर्षी मार्गशीर्षातले गुरुवार करते, महालक्ष्मीचा कलश मांडते. आता तिने खुर्चीत बसून सांगायचं आणि मी मांडायचं. पहिला गुरुवार कसाबसा पार पडला. दोन दिवसांनी मोबाइल लावून बघतो तर काय, त्या देवळातही मार्गशीर्षातला गुरुवार चालू, शनिवारी! माझं डोकंच फिरलं. व्रताच्या नावातच वार आहे, तोही यांनी सोयीप्रमाणे हलवला. मी तसाच बसलो आणि देवळाच्या कमिटीला इंग्रजीत पत्र लिहिलं. कारखान्यात लिहायचो त्याच थाटात, क्रमांक घालून सतरा मुद्दे. पहिला, गुरुवार गुरुवारीच करावा. अकरावा, पूजा मध्येच सोडून कुणीही कशासाठीही उठू नये. खाली नाव, पत्ता आणि "मृणालचे वडील" असंही लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मृणालचा फोन आला. ती चिडली नव्हती, रडत होती. "बाबा, या गावात माझी तेवढीच माणसं होती. आता मी कुठल्या तोंडाने जाऊ तिथे?" पुढच्या शनिवारी ती देवळात गेली नाही. मोबाइलवर मी सगळ्या रांगा शोधल्या, भिंतीकडची तिची जागा रिकामी होती. आई जाऊ शकत नव्हती ते नशीब म्हणता आलं असतं, पण हे माझं कर्तृत्व होतं. सुमन माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली आणि ते मला रास्तच वाटलं. चार-पाच दिवसांनी शिवण्णाचं उत्तर आलं. त्याने आभार मानले होते. पाच मुद्दे लगेच सुधारू, काहींना वेळ लागेल, आणि पहिल्या मुद्द्याचा नक्की विचार करू, असं लिहून खाली स्वतःचा नंबर दिला होता. मला वाटलं, हे नुसतं सभ्य टोलवणं आहे.

तिसरा गुरुवार. संध्याकाळी सातला मी कलश मांडून सुपारी शोधत होतो, तेवढ्यात मृणालचा फोन आला. तिकडे सकाळचे साडेसात. "बाबा, आईला द्या," एवढंच म्हणाली आणि मी फोन स्पीकरवर टाकून सुमनच्या हातात दिला. आदल्या संध्याकाळपासून कंबर दुखत होती ती साधी नव्हती, आता पाणी गेलं होतं. तीन आठवडे आधी. चिन्मय दोन दिवसांसाठी दुसऱ्या शहरात गेलेला आणि बर्फाच्या वादळाने विमानं बंद. रस्त्यांवर बर्फाचा काचेसारखा थर, अॅम्ब्युलन्सवाल्यांनी सांगितलं की निघतो, पण किती वेळ लागेल सांगता येत नाही. शेजारचं घर रिकामं. सुमनने विचारलं, "देवळातल्या कुणाला फोन केलास का?" मृणाल म्हणाली, "आई, आज गुरुवार आहे. सगळे कामावर, लांब लांब. आणि मी कुठल्या तोंडाने बोलावू त्यांना?" ते वाक्य मला उद्देशून नव्हतं, तरी बरोबर मलाच लागलं.

मी दुसऱ्या फोनवरून शिवण्णाचा नंबर लावला. काय बोलायचं तेही ठरवलं नव्हतं. त्याने उचलला, मी नाव सांगितलं, तर तो हसून म्हणाला, "अरे, सतरा पॉइंटवाले अंकल! हम मंदिर में हैं. आपने लिखा था ना, गुरुवार को गुरुवार ही होना चाहिए. तो आज काम पर जाने से पहले, सुबह सात बजे रखा है. बर्फ के कारण सिर्फ मैं और लिंडाबेन पहुँचे."

एरवी गुरुवारी सकाळी हा माणूस पन्नास मैलांवर कुणाच्या तरी तळघरात हीटर उघडून बसलेला असता. आज तो माझ्या मुलीच्या घरापासून दहा मिनिटांवर होता, चाकांना साखळ्या लावलेली गाडी दारात उभी करून. मी तुटक तुटक सगळं सांगितलं. त्याचं हसणं थांबलं. मग अगदी गंभीरपणे, परवानगी मागावी तसं त्याने विचारलं, "अंकल, कलश बैठ गया है, कहानी आधी हुई है. बीच में छोड़के निकलें तो चलेगा ना? आप बोलो."

त्याला माझा अकरावा मुद्दा आठवत होता! मी ओरडलोच, "निघा हो, निघा!" हिंदीही सुचली नाही. फोन ठेवला आणि मी देव्हाऱ्यापुढे खाली बसलो.

मग वाट बघणं. सुमन प्लॅस्टरचा पाय पुढे टाकून बसली होती. ती माहेरच्या बोलीत म्हणाली, "वाचा आते." आता वाचा. मी कहाणीची पोथी उघडली. ओळी एकमेकींत शिरत होत्या, राणीचं वाक्य मी राजाच्या तोंडी घातलं. सुमनने एकदाही टोकलं नाही. कहाणी संपली, आरती झाली, नैवेद्य तसाच पुढे राहिला. सव्वानऊला फोन वाजला. पडद्यावर लिंडाबेनचा लाल झालेला चेहरा, कपाळावर कुंकू फिसकटलेलं. त्या बाईला आनंदात हिंदी, इंग्रजी काही आठवलं नाही, थेट गुजरातीतच ओरडली, "दीकरी आवी! बन्ने मजामां छे!" मुलगी झाली, दोघी छान आहेत. सुमन एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली, आणि मीही.

पुढचं मृणालने दुसऱ्या दिवशी सांगितलं. गाडीच्या मागच्या भागात पाइप, पाने, हीटरचे सुटे भाग, आणि त्यांतच जागा करून घातलेली देवळातली सतरंजी. शिवण्णा सोवळ्यावर जाकीट घालून गाडी चालवतोय, तोंडाने स्तोत्र चालू. लिंडाबेनच्या हातात कहाणीचे कागद तसेच राहिलेले. अर्धी टाकू नये म्हणून त्यांनी उरलेली कहाणी गाडीतच वाचून काढली, एका हाताने मृणालचा हात धरून. "बाबा, एवढ्या कळांत मला हसू आवरेना. त्यांनी राजाला चक्क चुलीवर ठेवला," मृणाल म्हणाली आणि परत हसायला लागली. चिन्मय संध्याकाळी पोहोचेपर्यंत दोघंही हॉस्पिटलमधून हलली नव्हती.

शुक्रवारी मी त्र्यंबकेश्वरला गेलो. आमचे घरचे म्हातारे गुरुजी तिथे असतात. दर्शन झाल्यावर त्यांना सगळं सांगितलं आणि विचारलं, मांडलेला कलश तसाच टाकून ती माणसं उठली, त्यांना काही प्रायश्चित्त सांगायचं का. गुरुजी म्हणाले, "अहो, ज्या लेकीबाळींच्या सुखासाठी कलश मांडतात, त्याच कामाला ती माणसं गेली. पूजा सुटली कुठे? तुम्ही त्यांना उद्या एवढंच कळवा, सवडीने अक्षता वाहा. आणि जमलंच तर स्वतः जरा गप्प बसा." शेवटचं वाक्य त्यांनी हसत हसत म्हटलं, पण ते मला प्रसादासारखं मिळालं.

याला चमत्कार म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. मी पत्र रागाने लिहिलं होतं, त्यांनी ते आदराने वाचलं. मला चूक दाखवायची होती, त्यांना एका अनोळखी म्हाताऱ्याचं मन राखायचं होतं. त्या दोन्हींमधून माझ्या मुलीच्या दाराशी गाडी कशी येऊन उभी राहिली, याचा हिशेब मी अनेकदा मांडून पाहिला आणि शेवटी सोडून दिला. सोडून देता येतं, हेच मला त्या दिवशी समजलं. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट हातात धरून, उलटसुलट करून बघत आलो. माझी मुलगी बर्फात होती तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि तेव्हाच सगळं नीट पार पडलं. त्या दोन माणसांचे उपकार फेडायचा माझा विचार नाही, ते माझ्या डोक्यावर राहिलेले मला आवडतील.

शनिवारी देवळात गुरुवारचा राहिलेला कलश उतरवायचा होता. मृणाल घरी आली होती, तिने मोबाइलवर आम्हालाही जोडून घेतलं. त्या दिवशी देऊळ गच्च भरलं होतं म्हणे. शिवण्णाने बाळासाठी सगळ्यांकडून अक्षता घेतल्या, लिंडाबेनने काहीतरी वाचलं, मग आरती सुरू झाली. ती पूजा कशी झाली, काय चुकलं, काय बरोबर आलं, असं सुमनने नंतर मला मुद्दाम चिडवून विचारलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळे मिटून बसलो होतो.