दाजींचा पाय

शी! माणसाच्या पायावर संशय घ्यायचा म्हणजे काय? तेही एकवीस वर्षं एकच ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या? दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचा ट्रक इतका जुना की मीटर नऊ लाख किलोमीटरला बंद पडला आणि तो दुरुस्त करावा असं कुणाला सुचलंही नाही. एवढ्या वर्षांत दाजींनी कुणाला खरचटूही दिलं नाही. रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर हॉर्न न वाजवता खाली उतरून त्याला उठवणारा माणूस. का, तर म्हणे बिचारं दचकतं.

या वर्षी ते इंजिन चाळे करायला लागलं. पाय जागेवर असताना रेस आपोआप वाढायची, मग बसायची, पुन्हा वाढायची. भरलेली गाडी चढावर असे गचके द्यायची की मागचे शिव्या घालायचे. ट्रकच्या मालकानं ती मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या शहाण्यांनी नोझल बदलले, फिल्टर बदलले, पंप खोलून पुन्हा बसवला. रोगाचा पत्ता नाही आणि औषधं देत सुटले. असल्या लोकांची मला मनापासून किळस येते. सुटे भाग काय, कुणीही बदलेल.

शेवटी मालकाच्या पुतण्यानं गाडी स्वतः चालवून बघितली. चाळीस किलोमीटर गेला, चाळीस आला, गाडीनं हूं की चूं केलं नाही. झालं. आल्या आल्या त्यानं सगळ्या यार्डासमोर दाजींवर खापर फोडलं. गाडी ठणठणीत आहे, म्हणाला, म्हाताऱ्याचा पाय थरथरतो. मालकानं दाजींना घरी बसवलं आणि पाय दाखवून या असं फर्मावलं.

आणि दाजी? चार शब्द सुनावायचे सोडून ते खरंच डॉक्टरकडे गेले. डॉक्टरला काही सापडलं नाही, तरी यांचं समाधान नाही. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायचं, उजवा पाय फरशीवर टेकवायचा आणि त्याच्याकडे टक लावून बघायचं, असा दिवसभर उद्योग. ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणसानं इतकंही मऊ असू नये.

"नोकरी गेली तर जाऊ दे," बहीण मला म्हणाली, "पण हे असेच पायाकडे बघत बसले तर वेडे होतील. तू बघ ना एकदा गाडी."

मालकाच्या पाचही ट्रकांचं किरकोळ काम माझ्याकडे असतं. माझं गॅरेज त्यावरच उभं आहे. तरी मी मालकाला ठणकावून सांगितलं की तुमच्या डोळ्यांदेखत बघतो आणि दाजींनाही बोलवा.

सकाळी यार्डात दाजींना केबिनमध्ये बसवून इंजिन चालू केलं. अर्धा तास एका सुरात. पुतण्या दात काढत उभा. मी टाकीचं झाकण उघडलं तर आत जवळजवळ काठोकाठ डिझेल, आणि माझी ट्यूब पेटली. ड्रायव्हर डिझेल विकतील या भीतीनं मालक त्यांना फेरीपुरतंच द्यायचा. दाजींना टाकी कधी अर्ध्याच्या वर मिळायचीच नाही. पुतण्या मात्र निघाला तो फुल्ल करून. मी डिझेल ड्रममध्ये उतरवलं, तळाशी थोडं ठेवलं, इंजिन पुन्हा चालू केलं आणि दाजींना खाली उतरायला लावलं. दहा मिनिटांत सुरू झालं. वर, खाली, वर, खाली. केबिनमध्ये चिटपाखरू नव्हतं.

"बघा मालक," मी म्हटलं, "आता कुणाचा पाय थरथरतोय?"

पुतण्याचं थोबाड बघण्यासारखं झालं. दाजींनी तोंडावरून बाही फिरवली आणि इंजिनाकडे बघत राहिले.

टाकी भरलेली असली की डिझेल आपोआप पंपाकडे येतं, पण टाकी उतरली, म्हणजे आतलं डिझेल खाली गेलं, की पंपाला ते ओढून घ्यावं लागतं. वाटेत कुठं फट असेल तर डिझेलबरोबर हवाही आत जाते, आणि इंजिन धापा टाकतं. मी गाडीखाली सरपटलो आणि टाकीपासून पाईप चाचपत निघालो. पंपाच्या अलीकडच्या जोडावर हात थांबला. तिथं क्लिप नव्हती. तार पिळून बांधली होती.

ती तार माझी होती. गेल्या उन्हाळ्यात क्लिप तुटली, नवी आणायचा कंटाळा, म्हणून एका दिवसापुरती मी तार बांधली आणि साफ विसरलो. बांधताना दाजी शेजारीच उभे होते. पुढे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं की टाकी उतरली की त्रास वाढतो, तो पाईप एकदा बघशील का. दोन्ही वेळा मी हसण्यावारी नेलं. तुम्ही स्टिअरिंग सांभाळा, इंजिन माझ्यावर सोडा, असं वर ऐटीत म्हटलं.

मालक वाकून बघत होता. "ही घाण कुणी केली?"

मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो. पण दाजी आधी बोलले.

"मी बांधली, मालक. वाटेत पाईप निसटला होता."

मालक भडकला. न विचारता इंजिनाला हात लावलास, मोठ्या गॅरेजचा खर्च पाण्यात घातलास, असं यार्डभर ऐकवलं आणि ट्रकची किल्ली मागून घेतली. कायमची. दाजींनी ती त्याच्या हातात ठेवली. मी हातात पाना धरून गाडीखाली पडून होतो. बाहेर येऊन 'तार माझी आहे' एवढंच म्हणायचं होतं. मी नवी क्लिप बसवली.

नंतर फाटकापाशी मी त्यांना गाठलं, तर मलाच समजावायला लागले. "माझी अशी किती वर्षं राहिलीत? तुझं गॅरेज चालायला हवं. पाय ठीक आहे ना माझा, मग बास."

यार्डातलं काम अजून माझ्याकडेच आहे. परवा बहिणीकडे गेलो तर शेजारीण आली होती. बहिणीनं माझी ओळख करून दिली. हा माझा भाऊ, म्हणाली, यानंच ह्यांच्या पायावरचा आळ काढला. शेजारीण कौतुकानं बघायला लागली. दाजीही मान डोलावून म्हणाले, खरं आहे, हा नसता तर मी अजून पायच बघत बसलो असतो. मी चहाचा कप हातात धरून हसलो. स्वतःच्या त्या हसण्याची मला अजून किळस येते.