चाकावर ओतलेली कळशी

गोव्यातल्या पार्सेच्या सगुण लोहाराला खरी भीती आयुष्यात एकदाच वाटली. पण ती अशी मानगुटीवर बसली की अजून उतरलेली नाही.

आजोबा सावंतवाडीकडून भाता घेऊन आले, तेव्हापासून घराण्याचं काम बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवण्याचं. मग खाणींचे ट्रक आले, गाड्या गेल्या आणि सगुणच्या वाट्याला कोयत्यांना धार लावणं उरलं. म्हणूनच शेजारच्या गावच्या देवीच्या रथाला नवी धाव हवी, असं बोलावणं आलं, तेव्हा स्वारीचे पाय जमिनीवर ठरेनात.

धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, लाल होईस्तोवर तापवायची, की ती फुगते. तशीच चाकावर चढवून पाणी मारायचं. निवता निवता ती आकसते आणि लाकडाला घट्ट आवळते. पण त्यासाठी चाक हवं खडखडीत सुकं. इथे तर जत्रेआधी रथाची चाकं देवळाच्या तळीत भिजत घालायची रीत, उकललेले सांधे फुगून बसावेत म्हणून. सगुणने चाक तळीतून काढलं आणि फुगल्या लाकडाचंच माप घेतलं. जत्रा तोंडावर आली होती, आणि अंगात थोडी घमेंडही होतीच की!

गोवा घटक राज्य होऊन तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं. पाहुण्या पुढाऱ्याचं भाषण राज्यावरून भाषेवर आणि भाषेवरून पुन्हा राज्यावर येत राहिलं, आणि रथ चैत्राच्या उन्हात तापत उभा. लाकूड सुकून आटत होतं, लोखंड तापून फुगत होतं. एकदाचे दोर ताणले, रथ हलला, आणि नव्या धावेचं चाक खणखणायचं सोडून भदभद वाजलं.

सगुणने धावत जाऊन चाक चाचपलं. धाव आणि लाकूड यांच्यामध्ये नख शिरलं. पुढे देवळाचा उतार, आणि नेमका त्याच चाकाशी, रथ आवरायचा लाकडी ठोकळा घेऊन अनवाणी चालणारा गौरेश. सगुणचा एकुलता एक मुलगा. धाव निसटली की चाक उकलणार आणि रथ आधी त्याच्यावर कोसळणार.

"थांबयात! रथ थांबयात! धाव सैल जाल्या, माजी चूक!"

ढोलताशांत 'थांबयात'पलीकडे कुणाला काही ऐकू जाणार? देवस्थानचे कारभारी कृष्णनाथ यांनी दुरूनच हात हलवला, "बाजूक सर रे! देवीचो रथ वाटेर थांबना!"

रथ उताराला लागला. पुढे बायका वाट निववायला पाणी शिंपडत होत्या. त्यांत सगुणला बायको सरस्वती दिसली. तो तिच्या अंगावरच धावला.

"चाकार ओत! सगळां उदक चाकार! गौरेश मरतलो!"

तिने कारण विचारलं नाही. कळशी उपडी केली. बाकीच्या बायकांना वाटलं, ही काही नवी सेवा असावी; त्यांनीही कळश्या रित्या केल्या. सगुण चाकाबरोबर वाकून, कान लावून चालत होता. देवीचं नाव घ्यावं म्हटलं तर तेही आठवेना. अर्ध्या उतारावर लोखंड निवलं, आकसलं आणि चाकाचा आवाज बदलला.

खाली पोचल्यावर गौरेश भिजलेला सदरा पिळत हसला. "बाबा, चाकाक न्हाणयलंस तां बरां, माका कित्याक?"

सगुण मटकन खाली बसला आणि पोराचा पाय धरून सगळ्यांदेखत रडला.

दुसऱ्याच दिवशी त्याने धाव उतरवली, चाक सावलीत पुरतं सुकवलं आणि धाव कापून, आखूड करून पुन्हा बसवली. झाली चूक देवळात उभं राहून सांगितली. आता ती धाव पक्की आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. तरी दर वर्षी रथ उताराला लागला की पहिली कळशी सगुणच ओततो, आणि गौरेश खाली पोचेपर्यंत चाकाला कान लावून वाकून चालतो.