ऑर्लीनबाईंची मलमाची डबी

सत्यनिष्ठ माणूस बहुधा स्वतःचे सत्य एकदा सांगतो आणि इतरांचे दहादा. स्वतःचा दोष मोकळेपणाने उच्चारून परक्याच्या दोषाविषयी मौन पाळणारी व्यक्ती मी एकच पाहिली : आमच्या चर्चमध्ये एकेचाळीस वर्षे ऑर्गन वाजवणाऱ्या ऑर्लीन थेटफर्ड.

आमचे गाव अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, स्नेक नदीच्या पूर्वतीरी; पश्चिमतीर ऑरेगॉन राज्याचा. तिकडे गांजा दुकानात मिळतो, इकडे तो बाळगणे गुन्हा. पूल ओलांडताना मध्यावर औषधाचे पातक होते. असे रूपांतर कोणत्याही शास्त्राला अद्याप साधलेले नाही.

एका वर्षी इकडेही गांजाला परवानगी द्यावी, अशी मागणी उठली. तिच्या प्रतिकारार्थ चर्चने समिती नेमली. अध्यक्ष ड्वेन प्रुएट, बिटाचे मोठे शेतकरी. ईस्टरच्या आधीच्या बुधवारी, सामुदायिक भोजनाच्या वेळी, त्यांनी प्रतिज्ञापत्र फिरवले : ‘आमच्यापैकी कोणीही गांजाला स्पर्श केलेला नाही.’ भराभर सह्या झाल्या. मीही केली.

कागद ऑर्लीनबाईंपुढे आला. संधिवाताने वाकलेल्या बोटांनी त्यांनी तो परत सरकवला.

“मला नाही जमणार, ड्वेन. मी पलीकडून गांजाचं मलम आणते. बोटांना लावते, म्हणून तर ती पट्ट्यांवर चालतात.”

“अगं, हळू बोल जरा!”

“हळू कशाला? ज्याला ऐकू जायला नको, त्या वरच्याला तर सगळंच ऐकू जातं.”

ड्वेन लालबुंद झाले. “मग या ईस्टरला ऑर्गन नाही वाजवता यायचा तुला.”

बाईंचा चेहरा उतरला. ईस्टरचा ऑर्गन एवढाच त्यांचा संसार उरला होता.

इतक्यात गेल्याच महिन्यात आलेल्या तरुण पास्टरांनी निरागसपणे विचारले, “पलीकडच्या त्या दुकानात आपल्यापैकी आणखी कोणी दिसलं का हो तुम्हाला?”

सभागृहातले सारे काटेचमचे थांबले. आमच्याकडे गाडीच्या पाटीवर जिल्ह्याचे अक्षर असते. आणि रविवारी चर्चपुढे आमच्या जिल्ह्याच्या जितक्या गाड्या लागतात, त्याहून अधिक शुक्रवारी त्या दुकानामागे लागतात. ड्वेन यांची निळी गाडी नेहमी भिंतीलगत असते. माझी तिच्या शेजारी; मला गुडघ्यांचा त्रास आहे.

बाईंनी सर्वांकडे संथपणे पाहिले.

“पास्टर, मी तिथे मलम घ्यायला जाते. गाड्यांचे नंबर वाचायला नाही.”

ड्वेन यांनी घसा खाकरला. “तसं बघायला गेलं, तर मनगटाच्या पुढे लावलेलं औषध... म्हणजे काही स्पर्श नव्हे.”

“बोटांना लावलंय, आणि स्पर्श नाही?” पास्टर गोंधळले.

“पास्टर, तुम्ही नवीन आहात.”

ड्वेन यांच्या या व्याख्येचा ठराव एकमताने संमत झाला. ईस्टरला बाईंनी ऑर्गन वाजवला; एकही स्वर चुकला नाही.

त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. आयडाहोतला कायदा होता तसाच आहे. ऑर्गनच्या फळीवर त्यांची मलमाची डबी आहे. तिच्यावरची नावाची चिठ्ठी कोणीतरी खरवडून काढली आहे. नव्या वादकाची बोटे अगदी सरळ आहेत, तरी ती डबी दर महिन्याला रिकामी होते आणि पुन्हा भरलेली असते.