कवडूजींचे तीन साचे

कवडूजींची आणि माझी ओळख भांडणानं झाली, हे आधीच सांगून टाकते. तापट म्हणून मी सगळ्या खात्यात बदनाम. साल चौऱ्याहत्तर. आमच्या इस्पितळात कोबाल्टचं मशीन येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. कॅन्सरच्या पेशंटला त्याखाली निजवायचं, नीट सरळ करायचं, जांभळ्या शाईनं खुणा करायच्या आणि किरण बरोबर त्या खुणेवर पडतील असं बघायचं, हे माझं काम. तोंडाच्या नि गळ्याच्या पेशंटला मात्र मुखवटा लागे. ज्याच्या त्याच्या मापाचा प्लास्टिकचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून टेबलाला आवळला, की सहा आठवडे डोकं रोज त्याच जागी राही. ते मुखवटे करायला मोठ्या डॉक्टरांनी माणूस आणला कुठून, तर महाल भागातल्या चितार ओळीतून, मूर्तिकारांच्या गल्लीतून. गणपती घडवणारा.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आज मूर्तिकार आणलाय, उद्या मशीन चालवायला टांगेवाला आणाल, असं मी डॉक्टरांच्या तोंडावर बोलले. कवडूजी तिथंच उभे होते. पन्नाशीचे, धोतर-सदरा, नखांत माती बसलेली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टांगाबी हाकता येते मले, बाई." मला हसू आवरेना. भांडण तिथंच मिटलं.

आता नंदनवन कॉलनीतल्या घरी बसल्याबसल्या कुठं ओल्या प्लास्टरचा वास आला, की मला त्यांची ती कोपऱ्यातली खोली आठवते. पेशंटला तिथं निजवायचे, मानेखाली वाळूची पिशवी ठेवायचे, चेहऱ्याला व्हॅसलीन चोळायचे आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या एकेक करून बसवायचे. चेहरा झाकला गेला की भलाभला गडी घाबरतो. तेव्हा कवडूजी गप्पा सुरू करत. गाव कोणतं, गावात गणपती कुठं बसतो, किती फुटाचा, सोंड डावी की उजवी. पेशंटचं तोंड प्लास्टरखाली बंद, तो काय उत्तर देणार? मग उत्तरंही हेच द्यायचे, आणि इतकी चुकीची द्यायचे की पेशंटला हसू यायचं. हलू नको म्हणून मी ओरडायची ती दोघांवर. काय दिवस होते ते! आता गरम पाण्यात बुडवलेली जाळी दोन मिनिटांत चेहऱ्यावर बसते म्हणे. बसू दे बापडी. कुणी कुणाला गाव विचारत नसेल.

पट्ट्या सुकल्या की आतून चेहऱ्याचा ठसा मिळे. त्यात प्लास्टर ओतलं की पेशंटचं पांढरं डोकं तयार, आणि त्या डोक्यावर तापवलेलं प्लास्टिक दाबलं की मुखवटा. पहिलं वर्षभर आले ते बहुतेक गळ्याचे पेशंट, चेहऱ्यानं धडधाकट. कवडूजींचं काम इतकं नेमकं की मीच त्यांची तारीफ करत फिरायला लागले.

मग उमरेडहून गोपिकाबाई आली. नवरा चंद्रभान एसटीनं घेऊन आला होता. दोघं हातमागावर लुगडी विणत. बाईच्या उजव्या गालावर मोठी गाठ, पार डोळ्याखालपर्यंत चढलेली. पदर तोंडावरून बाजूला करायला तयार नाही. डॉक्टरांनी तिला उघड सांगितलं, की किरण गाठीवर पडायला हवेत आणि वरच्या डोळ्यावर पडता कामा नयेत. मध्ये बोटभरसुद्धा जागा नाही. मुखवटा चुकला तर डोळा जाईल. बाईनं जिवाचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "डोया गेला तं तुटलेलं सूत कसं जोडू जी?"

मुखवटा झाला. मी तिला टेबलावर निजवलं, मुखवटा आवळला, वर खुणा केल्या. किरण द्यायच्या आधी एक फोटो काढून बघायची आमची पद्धत होती. फोटो धुऊन आला, तो मी उजेडाला धरला. तिचा डोळा किरणांच्या चौकटीत अर्धा आत आला होता. मान एका अंगाला कलली होती. मी मुखवटा काढला तर गाठीवर लालभडक वळ. दुखत होतं का म्हणून विचारलं, तर होतं म्हणाली. मग बोलली काहून नाही? तिला वाटलं, असंच असतं. बिचारी सोसत होती आणि सोसता सोसता मान सरकवत होती.

मी तणतणत कवडूजींच्या खोलीत गेले. टेबलावर तिचं पांढरं डोकं ठेवलं होतं. दोन्ही गाल सारखे! कवडूजींनी गाठ घासून सपाट केली होती, नाकही किंचित सरळ केलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. मी नको नको ते बोलले. देवळात बसवायचीय का तिला, असंही बोलले. ते त्या डोक्याकडे बघतच राहिले. मूर्तीत खोट राहिली तर लोक ती पुजत नाहीत, त्यामुळे वाकडं दिसलं की हात आपोआपच चालतो, आपण घासलं हे आपल्याला कळलंही नाही, असं त्यांनी सांगितलं. चेहरा उतरला होता त्यांचा. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

ते स्वतः उठून गोपिकाबाईकडे गेले आणि चूक माझी आहे म्हणाले. काय चुकलं ते दाखवायला डोकंही सोबत नेलं होतं. बाईनं त्या पांढऱ्या गालावरून हात फिरवला.

"अशीच होती मी," ती म्हणाली.

चंद्रभान बाहेर निघून गेला.

दुसरा साचा घडवताना कवडूजींनी मला शेजारी उभं केलं. हात चुकीच्या जागी गेला तर मारा म्हणाले. मी लाकडी पट्टी घेऊन उभी राहिले आणि खरंच दोनदा मारली. गाठ जशीच्या तशी राहिली, एकेक उंचवटा राहिला. त्यांना ते बघवत नव्हतं, तरी त्यांनी ते केलं. नवा मुखवटा आवळून फोटो काढला, डोळा चौकटीबाहेर. त्याच दिवशी आम्ही किरण सुरू केले.

रोज सकाळी बाई यायची. आठवड्यातून एकदा मी तिचा डावा डोळा झाकून सुईत दोरा ओवायला लावायची. दोरा गेला की मलाच हायसं वाटायचं. कवडूजींचं माझ्याकडे त्या वेळी काही काम नसे, तरी ते दाराशी येऊन उभे राहत. चौथ्या आठवड्यात मुखवटा आवळला तर आत तिचं डोकं हलायला लागलं. उजव्या बाजूला माझं बोट सहज शिरत होतं. मी फोटो काढला नि डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि तिसरा मुखवटा करायला सांगितला.

पुन्हा व्हॅसलीन, पुन्हा ओल्या पट्ट्या. गप्पा मात्र या वेळी नव्हत्या. प्लास्टर ओतून, सुकवून कवडूजींनी ठसा फोडला, डोकं बाहेर काढलं आणि मांडीवर घेतलं. दोन्ही गालांवरून अंगठे फिरवले. परत फिरवले. बाहेर थांबलेली गोपिकाबाई आत यायला निघाली, ती डोकं बघून दारातच थबकली. पहिल्या वेळची धास्ती तिच्या मनात होतीच, आणि आरशात बघणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

"भाऊ, पुन्हा घासलं का जी तुम्ही?"

कवडूजींनी डोकं तिच्यासमोर धरलं. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि माझेही.

"नाही वं माय," ते म्हणाले, "घासाले काही राहिलंच नाही."